नारळाची तारीख

त्या वर्षी दिवाळीपासून जानेवारी संपेपर्यंत मी दोन ऑफिसांत काम करत होते आणि बहुतेक दुपारी उपाशी होते. सकाळी दिंडोरी, दुपारनंतर विंचूर. दिंडोरीवाल्यांना वाटायचं, मॅडम विंचूरला जेवणार. विंचूरवाल्यांना वाटायचं, दिंडोरीहून जेवूनच निघाल्या असतील. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती पाठ केली होती. तिचा खरा उपयोग चाळिशीत, पिंपळगावच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन बिस्किटं खाताना झाला.

काम होतं दोन कंपन्यांच्या कॉम्प्युटर सिस्टीम एकमेकींना जोडून देण्याचं. दोन्ही कंपन्या द्राक्षांच्या. दिंडोरीची कंपनी बागायतदारांकडे बघायची: कोणाची बाग किती, जात कोणती, छाटणी कधी झाली, फवारण्या काय दिल्या. विंचूरच्या कंपनीचं पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोरेज होतं, म्हणजे माल कधी तोडायचा, क्रेटच्या गाड्या कुठे पाठवायच्या, कंटेनर कधी भरायचा हे त्यांच्याकडे. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने या दोघींना विकत घेऊन चार वर्षं झाली होती. पाट्या बदलल्या, लेटरहेड एक झालं, दिवाळीचा सुका मेवाही दोन्हीकडे एकाच रंगाच्या डब्यात यायला लागला. सिस्टीम मात्र दोनाच्या दोन राहिल्या. रोज सकाळी दिंडोरीहून विंचूरला मेलने एक फाईल जायची, आणि विंचूरला ती उघडायच्या आधीच बाजूला ठेवली जायची.

मी पुण्याच्या कंपनीची नोकर, पण राहायला नाशकात आणि मूळची दिंडोरी तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या वडिलांची, म्हणजे दादांची, तीन एकर द्राक्षबाग आहे आणि तिचा माल याच कंपनीला जातो. त्यामुळे साहेबांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं तेव्हा मला ते अगदी योग्य वाटलं. द्राक्ष मला कळत होतं, कॉम्प्युटर कळत होता, माणसंही आपलीच. इतकी सगळी पात्रता एका ठिकाणी साठली की माणूस कसा शेफारतो, ते पुढे येईलच.

पहिल्याच आठवड्यात मी दोन्ही सिस्टीममध्ये दादांना शोधलं. दिंडोरीच्या सिस्टीममध्ये ते एक नऊ आकडी नंबर होते. सोबत बागेचा नकाशा आणि ओळीने फोटो. विंचूरच्या सिस्टीममध्ये लिहिलं होतं, 'वडाजवळची बाग. मोठी गाडी आत वळत नाही. दुपारी दोन ते चार फोन करू नये, चिडतात.' दोन्ही माहिती शंभर टक्के खरी होती. आता हा नंबर म्हणजेच ही वडाजवळची बाग, हे दोन्ही सिस्टीमना समजावून सांगायचं, आणि असं प्रत्येक बागेचं करायचं. ते चिकाटीचं काम होतं आणि मी ते मजेत केलं.

दिंडोरीची सिस्टीम अण्णा सांभाळायचे. वयाने माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी लहान, पण सगळा तालुका अण्णा म्हणतो म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांची सिस्टीम नवी, झकपक, विकत घेतलेली. त्यांची माणसं बागेत जाऊन मोबाईलवर माहिती भरायची आणि जागेवरच फोटो काढायची. फोटो नसेल तर नोंद पुढे जायचीच नाही. "आमच्याकडं पुराव्याशिवाय काय नसतं मॅडम," हे अण्णा दिवसातून दोनदा तरी म्हणायचे.

विंचूरची सिस्टीम भाभींची. त्या पन्नाशीच्या, डोक्यावर ओढणी, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. येवल्याहून रोज एसटीने यायच्या. बारा वर्षांपूर्वी त्या पॅकहाऊसला क्रेट मोजण्याच्या कामावर लागल्या. कागदावर मेळ लागेना म्हणून कॉम्प्युटर शिकल्या, आणि मग एकेक रकाना वाढवत सगळी सिस्टीम त्यांनी स्वतःच उभी केली. स्क्रीनचा रंग पोपटी. बटणं अशा जागी की भाभींशिवाय कोणाला सापडू नयेत. पण ऐन सीझनमध्ये पॅकहाऊसच्या दारात एक गाडी कधी उगाच उभी राहिली नाही, हे पॅकहाऊसचे हमालसुद्धा सांगायचे.

या दोघांनी चार वर्षांत एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. मेल लिहायचे. मेलची सुरुवात 'आदरणीय' अशी आणि शेवटी प्रत पुण्याच्या साहेबांना. मी आल्यापासून मात्र त्यांना तोंडी निरोपाची सोय झाली. अण्णा म्हणायचे, "भाभींना सांगा, तो पोपटी स्क्रीन आता म्युझियमला द्या." भाभी म्हणायच्या, "अण्णांना सांगा, फोटो काढून द्राक्ष गोड होत नाही." मी दोन्हीकडचे निरोप वाटेतच सांडून टाकायचे. सोयरीक जमवणाऱ्याने एवढं पाप करायचंच असतं.

नोव्हेंबरात साहेबांनी फोनवर अट सांगितली. साहेब कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांची जास्त भीती वाटते. जानेवारीत तोडणीचा सीझन सुरू होईल. रोज दुपारी चार वाजता दोन्ही सिस्टीम उद्याच्या तोडणीची आपापली यादी काढतील. सलग तीन दिवस दोन्ही याद्या जुळल्या तर जोडणी झाली, दोन्ही सिस्टीम राहतील. नाही जुळल्या तर विंचूरची बंद, सगळं दिंडोरीच्या सिस्टीमवर. "आणि भाभींना आपण पुण्यात चांगली जागा देऊ," साहेब म्हणाले.

ते मी भाभींना सांगितलं तेव्हा त्या डबा पुसत होत्या. त्यांचे मिस्टर घरी पैठणी विणतात, हे मला माहीत होतं. भाभी म्हणाल्या, "ताई, आमचा माग जमिनीत खड्डा करून बसवलाय. सासऱ्यांच्या वेळेपासून. तो उचलून पुण्याला कसा नेणार?" एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. पुण्याची चांगली जागा म्हणजे त्यांची नोकरी गेली, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्यांना म्हटलं, याद्या जुळतील, ते माझ्याकडे लागलं. आणि मी ते मनापासून म्हटलं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट सांगायला हवी. द्राक्षाच्या गावात लहान मुलाचं वय विचारावं तसे बागेचे दिवस विचारतात. किती दिवस झाले? म्हणजे छाटणीला किती दिवस झाले. छाटणी म्हणजे पावसाळा सरल्यावर वेलीच्या काड्या कापून बाग मोकळी करायची. त्यानंतर नवी फूट येते, घड येतात, मण्यात पाणी उतरतं, आणि एकशेवीस-तीस दिवसांनी माल तोडायला येतो. तोडणीची सगळी यादी या एका तारखेवर उभी. आणि नेमकी हीच तारीख दोन्ही सिस्टीममध्ये जुळत नव्हती. कुठे आठ दिवसांचा फरक, कुठे बारा, कुठे वीस.

मी आधी नेहमीचे संशय तपासले. दिवस आणि महिना उलटसुलट झालेत का? नाही. एकाच माणसाच्या दोन बागांची अदलाबदल? दोन-चार ठिकाणी होती, ती निस्तरली. तरी फरक होताच. मग मी दोन्हीकडच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दिंडोरीकडे निम्म्याहून जास्त बागांची छाटणी एकाच दिवशी झालेली दिसत होती: दसऱ्याला. भाभींकडे त्याच बागा महिनाभर इकडेतिकडे विखुरलेल्या.

पुण्याच्या कोणा माणसाने ही फाईल पाहिली असती तर त्याला लगेच शंका आली असती, की इतक्या लोकांनी एकाच दिवशी छाटणी कशी केली? मला आली नाही. मी गावची. दसरा म्हटल्यावर मला ते पटलंच. साडेतीन मुहूर्तांतला एक. त्या दिवशी नाही करायची तर कधी करायची? उलट भाभींच्याच तारखा मला गबाळ्या वाटल्या. मी त्यांना विचारलं, या कुठून आणल्या. त्या म्हणाल्या, "फोनवर विचारते. सुरगाण्याहून छाटणीच्या टोळ्या येतात ना, त्यांच्या मुकादम बाईला. रोज संध्याकाळी. आज जीप कुणाच्या बागेत होती?"

"बागायतदाराला नाही विचारत?"

"टोळीला विचारलेलं बरं पडतं."

मला हसू आलं, आणि ते मी लपवलं नाही. एकीकडे जागेवर काढलेला फोटो, बागायतदाराने स्वतः सांगितलेली तारीख. दुसरीकडे संध्याकाळचा फोन. जोडणीच्या कामात एक नियम असतो: दोन सिस्टीमचं जुळत नसेल तर एक खरी मानायची आणि दुसरीत तीच माहिती भरायची. मी दिंडोरीची खरी मानली. भाभी म्हणाल्या, "ताई, माझ्या तारखा मी घरी बसून नाही लिहिल्या. एकदा बागेत जाऊन तर बघा."

"भाभी, मी बागेतच लहानाची मोठी झालेय," मी म्हटलं, आणि तेही जरा चढ्या आवाजात. दुपारची वेळ होती आणि मी उपाशी होते, एवढंच माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे. मी त्यांच्यासमोर त्यांच्या बारा वर्षांच्या पोपटी सिस्टीममधला तारखांचा अख्खा रकाना पुसला आणि दिंडोरीच्या तारखा भरल्या.

जानेवारीच्या अखेरीस चाचणीचा पहिला दिवस आला. मी विंचूरला बसले होते. चार वाजता दोन्ही सिस्टीमनी याद्या काढल्या, माझ्या प्रोग्रॅमने त्या ताडून पाहिल्या आणि स्क्रीनवर हिरवी खूण आली. याद्या जुळल्या. एकाही ओळीचा फरक नाही. अण्णांनी दिंडोरीहून फोन करून अभिनंदन केलं, मी पेढे मागवले. यादीत काय आहे हे बघायचं मला सुचलंच नाही. मला जुळायला हवं होतं, आणि ते जुळलं होतं. दोन्हीकडे मीच भरलेल्या तारखा होत्या, तर न जुळून जातील कुठे, हा विचार पेढे संपेपर्यंत आला नाही.

भाभींनी मात्र यादी उघडली. त्यांचा चष्मा गळ्यातून नाकावर गेला. "ताई," त्या म्हणाल्या, "उद्या सत्त्याऐंशी बागा तोडायच्या?"

पॅकहाऊसला दिवसाला बारा बागांचा माल पेलायचा. भाभींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फोन उचलून आधी क्रेटच्या गाड्या थांबवल्या आणि मग सुरगाण्याला फोन करून, तोडणीलाही ज्या येतात त्या टोळ्यांच्या जीप थांबवल्या. पण बागायतदारांच्या मोबाईलवर मेसेज आपोआप जाऊन चुकले होते: 'उद्या आपल्या बागेची तोडणी आहे. तयार राहावे. विंचूर पॅकहाऊस.'

पहिला फोन पाच मिनिटांत आला. मग फोन थांबेनात. आमच्याकडची माणसं अशा वेळी चिडत नाहीत, मजा घेतात, आणि ते जास्त लागतं. एकजण म्हणाले, "मॅडम, मण्यात अजून पाणी उतरायचंय. का हिरवेच न्यायचे? आजकाल परदेशात तसं लागतं का?" दुसऱ्याने विचारलं, कंपनीने चटणीचा कारखाना काढला का. सहा वाजता दादांचा फोन आला. "तुझ्या कंपनीचा मेसेज आलाय. उद्या तोडायची म्हणे. तुला लोणचं घालायचंय का?"

"दादा, चूक झालीय कुठेतरी."

"ती दिसतीच आहे," दादा म्हणाले. "कोणाची ते शोध."

साहेबांचाही फोन आला, शांत आवाजात. मेसेजखाली नाव विंचूरचं होतं. दिंडोरीची सिस्टीम विकत घेतलेली, नामांकित. म्हणजे घोटाळा कुठला, हे त्यांच्या मते उघड होतं. विंचूरची सिस्टीम बंद करायचं पत्र उद्या दुपारी काढतो म्हणाले. भाभी समोरच बसल्या होत्या. त्यांना ऐकू गेलं असणार. त्यांनी माझ्या वाटचा पेढा कागदात गुंडाळला, माझ्या पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "बस चुकेल माझी." मला त्या क्षणी फार लाज वाटली, आणि नेमकी कशाची तेही अजून कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच दिंडोरी गाठली. अण्णा माझ्या आधी येऊन बसलेले. मी म्हटलं, आमच्या दादांच्या बागेची नोंद उघडा. छाटणीची तारीख दसऱ्याची, सोबत फोटो. नोव्हेंबरपासून मी ही नोंद दहा वेळा तरी पाहिली असेल, पण बघायचे ती तारीख. फोटो आहे एवढं पुरेसं होतं. फोटोत काय आहे ते कशाला बघायचं? आता अण्णांनी तो मोठा केला.

फोटोत फोडलेला नारळ होता. हळदकुंकू लावलेली एक वेल होती, तिच्या दोन-चार काड्या कापलेल्या, आणि खाली कात्री ठेवलेली. मागे सगळी बाग हिरवीगार, पानांनी भरलेली. छाटलेल्या बागेत पान दिसत नाही. नुसते बुंधे आणि तारा राहतात, हे कोणीही सांगेल. आणि फोटोच्या डाव्या कडेला एक हात होता, आरतीचं ताट धरलेला. हातात हिरव्या बांगड्या, मनगटावर भाजल्याचा डाग. तो डाग माझाच आहे, सातवीतला, चहाच्या पातेल्याचा.

दसऱ्याला मी स्वतः तिथे होते. मुहूर्त म्हणून दादांनी नारळ फोडला, चार काड्या कापल्या, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि आम्ही घरी जाऊन पुरणपोळी खाल्ली. खरी छाटणी अकरा दिवसांनी झाली, सुरगाण्याची टोळी मोकळी झाल्यावर. त्या रविवारीही मी गावी होते. टोळीच्या बायकांसाठी चहा मीच केला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझ्या तर हातात ताट होतं.

अण्णांनी दुसरी नोंद उघडली. नारळ. तिसरी. नारळ. दहा-बारा नोंदी उघडून झाल्यावर ते खुर्चीत मागे टेकले. "आमची माणसं विचारायची, छाटणी कधी धरली? लोक सांगायचे दसऱ्याला धरली. खोटं कोणीच बोललं नाय हो मॅडम." आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "तोडायच्या वेळी आम्ही बागेत जाऊन दाणा चाखतो. तारखेकडं आम्ही कधी बघितलंच नाय."

मी दादांना फोन लावला. विचारलं, कंपनीच्या माणसाला दसऱ्याची तारीख कशाला सांगितली. दादांना माझा प्रश्नच कळेना. "कागदावर मुहूर्ताचीच तारीख घालतात. पत्रिकेत लग्नाचा मुहूर्त छापतात ना? लग्न प्रत्यक्षात कधी लागलं, ते छापतं का कोणी? तुझंच एक तास उशिरा लागलं होतं."

भाभींना हे ठाऊक होतं. सुरुवातीला एकदा त्याही अशाच फसल्या होत्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हापासून त्या बागायतदाराला विचारायच्याच नाहीत. टोळीला मुहूर्ताशी देणंघेणं नसतं. जीप ज्या दिवशी ज्या बागेत, तोच तिचा दिवस. आणि मी त्यांच्या सगळ्या खऱ्या तारखा पुसून टाकल्या होत्या.

साहेबांना मी तिथूनच, अण्णांच्या समोर फोन केला. कसं बोलायचं ते मनात जुळवत होते, पण शेवटी एवढंच म्हटलं, "साहेब, पत्र काढू नका. चूक माझी आहे. विंचूरच्या तारखा बरोबर होत्या. भाभींनी मला अडवलं होतं, मी ऐकलं नाही, मी त्या पुसल्या." मग साहेब म्हणाले, "तीन दिवसांची अट आहे, ती आहेच. कालचा दिवस वाया गेला असं धरू. पुसलेल्या तारखा परत कुठून आणणार?"

ते मला माहीत नव्हतं. मी साडेअकराला विंचूरला पोचले आणि भाभींच्या टेबलासमोर उभं राहून, पॅकहाऊसच्या निम्म्या लोकांसमोर माफी मागितली. भाभींना लोकांसमोरचं ते आवडलं नाही. "बसा आधी," म्हणाल्या. आणि मग सांगितलं, की दर गुरुवारी त्या सगळ्या सिस्टीमची एक कॉपी पेनड्राइव्हवर घेऊन घरी नेतात. कंपनीच्या नियमाप्रमाणे हा चक्क गुन्हा आहे. त्या दिवशी मला नियम आठवला नाही.

भाभींना गाडीत घालून मी येवल्याला निघाले. त्यांच्या घरी पुढच्याच खोलीत माग होता आणि त्यांचे मिस्टर खड्ड्यात पाय सोडून बसले होते. विणकाम चालू नव्हतं. संपत आलेल्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, ते नवा ताणा जोडत होते, एकेक धागा घेऊन, चिमटीत पिळून. किती धागे असतात, असं मी विचारलं. "आहेत हजारांत," ते म्हणाले. "घाईत जोडले की कापडात दिसतात." त्यांनी ते मला टोमणा म्हणून म्हटलेलं नव्हतं. त्यांना माझं काम काय हे माहीतही नव्हतं.

पेनड्राइव्ह धाग्याच्या कांड्यांच्या डब्यात होता, रेशमाच्या तुकड्यात गुंडाळलेला. तो माझ्या हातात देण्याआधी भाभींनी माझ्यासमोर ताट ठेवलं. ज्वारीची भाकरी, मेथी, आणि वाटीत कालचं सालन. तीन महिन्यांत दुपारचं मी पहिल्यांदा पोटभर जेवले. "दिंडोरीला जेवून येता ना तुम्ही रोज?" भाभींनी विचारलं. मी खरं सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या, आणि मिस्टरांना पुन्हा सांगून पुन्हा हसल्या.

त्या दुपारी भाभींच्या तारखा परत जागेवर बसल्या, आणि या वेळी मी त्या दिंडोरीच्या सिस्टीममध्येही भरल्या. फक्त अण्णांच्या तारखा पुसल्या नाहीत; एकदा हात पोळला होता. त्यांच्यासाठी वेगळा रकाना केला. अण्णांनीच त्याला नाव दिलं, 'नारळाची तारीख'. दुसऱ्याचं नाव 'टोळीची तारीख'. पुढे पुण्याहून एका मॅडमनी मेल करून विचारलं की सिस्टीममध्ये नारळाची नोंद कशासाठी. त्या मेलला अण्णांनी आणि भाभींनी फोनवर बोलून, मिळून उत्तर लिहिलं, पहिल्यांदाच. त्यात 'आदरणीय' नव्हतं.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्याच दिवशी, चार वाजता यादी आली: नऊ बागा. मी आधी यादी वाचली, मग खूण बघितली. तिसऱ्या दिवशी अकरा. चौथ्या दिवशी दहा, आणि खूण हिरवी. सलग तीन दिवस झाले होते. साहेबांचा मेल चार ओळींचा होता. विंचूरची सिस्टीम चालू राहील, भाभी आहेत तिथेच राहतील, आणि पेनड्राइव्ह घरी नेण्याची प्रथा बंद करावी. भाभींनी मेल वाचला आणि उठून तोंड धुवायला गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. माझेही तसेच होते.

पुढच्या दसऱ्याला दादांनी दोघांना बागेत बोलावलं. अण्णा आधी आले होते. भाभी जीपमधून उतरल्या तेव्हा अण्णांनी खुर्ची पुढे केली आणि नुसतं "या" म्हणाले. भाभींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मेलमध्ये तुम्ही वयाने फार मोठे वाटता," त्या म्हणाल्या. दादांनी नारळ फोडला. मग कात्री भाभींच्या हातात दिली, म्हणाले, पहिली काडी तुम्ही कापा. भाभींनी चष्मा लावून, दादा दाखवतील त्या डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, एक काडी कापली. अण्णांनी फोटो काढला आणि मोबाईलवर नारळाची तारीख भरली.

"भाभी, कात्री तर लागली," अण्णा म्हणाले. "टोळीची पण आजचीच टाकून देऊ का?"

"एका काडीला छाटणी म्हणतात का अण्णा?" भाभी म्हणाल्या. "ती जागा मोकळी ठेवा."

टोळी आली बाराव्या दिवशी, रविवारी. मीही गावी होते. दादा एरवी दुपारी दोनला आडवे होतात, त्या दिवशी मोबाईल मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिले. मी म्हटलं, झोपा की, काय घाई आहे. नाही म्हणाले. फोन आला तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. दादांनी तो स्पीकरवर टाकला. भाभी घरूनच बोलत होत्या. मागे माग चालल्याचा आवाज येत होता. त्यांनी विचारलं, "मुकादम बाई तर हो म्हणतेय. तुमच्याकडे आली ना टोळी दादा?" दादा म्हणाले, आली, आणि आजची तारीख सांगितली.